बंद झालेला गेम परत कसा येतो?

खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर, गाव कोणतेही घ्या. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासमोर संध्याकाळी पोरांचा घोळका असतोच आणि त्या घोळक्यात एक प्रश्न अधूनमधून निघतोच: “फ्री फायर इंडिया कधी येऊन राह्यलं बे?” कोणी सांगतो दिवाळीला, कोणी सांगतो पुढच्या महिन्यात, तर कोणाच्या मावसभावाने म्हणे ते उतरवूनही घेतलेले असते.

हा प्रश्न पोरकट समजून सोडून देण्यासारखा नाही. २०११च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती आणि पाचातले जवळपास चार जण खेड्यात राहत होते. गेल्या दहा वर्षांत स्वस्त डेटा आणि स्वस्त अँड्रॉइड फोन या खेड्यांपर्यंत पोचले. महागडा फोन न घेता पन्नास जणांबरोबर एकाच वेळी खेळता येईल असा गेम हवा होता, तो फ्री फायरच्या रूपाने मिळाला. दहा-बारा मिनिटांत एक डाव संपतो, फोन फारसा तापत नाही आणि नेटवर्क यथातथा असले तरी चालून जाते. तोच गेम १४ फेब्रुवारी २०२२च्या आदेशात बंद झाला. दीड वर्षाने, ५ सप्टेंबर २०२३ ही परतीची तारीख कंपनीने स्वतः जाहीर केली. महेंद्रसिंग धोनीचे नाव जोडले गेले. आदल्या दिवशी कंपनीने सांगितले की काही आठवडे थांबा. त्या आठवड्यांचे महिने झाले, २०२४ही सरले.

या काळात पोरांना तीन कोडी पडली. फ्री फायर बंद असेल, तर ‘फ्री फायर मॅक्स’ प्ले स्टोअरवर कसा? पबजी हा याच जातीचा गेम दोनदा गेला आणि दोनदा आला, मग फ्री फायरच का अडकला? आणि एवढ्या मोठ्या गोष्टीची खात्रीची बातमी कुठेच का मिळत नाही? तिन्हींची उत्तरे आहेत, पण त्यासाठी आधी असा गेम चालतो कसा हे पाहावे लागेल.

खेळ घडतो कुठे

नव्वदच्या दशकात ज्यांनी टीव्हीला जोडून मारिओ किंवा कॉन्ट्रा खेळला, त्यांना ती पिवळी-काळी ‘कॅसेट’ आठवत असेल. सगळा खेळ त्या कॅसेटमध्ये असायचा. कंपनी बुडाली, कायदा बदलला, तरी घरातली कॅसेट चालू राहायची. पुढे सायबर कॅफेतल्या संगणकांवर रोड रॅश आला, तोही तसाच. एकदा संगणकात भरला की कोणाची परवानगी लागत नव्हती.

फ्री फायर किंवा पबजी या जातीचे गेम नाहीत. ते उतरवून घेतल्यावर फोनमध्ये येतात ती चित्रे, आवाज, बेटाचा नकाशा, पात्रांचे आणि बंदुकांचे आकार. खेळ मात्र घडतो तो कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे दूर कुठेतरी दिवसरात्र चालू असलेल्या ताकदवान संगणकांवर. तुम्ही अंगठा सरकवला की फोन सर्व्हरला एवढेच कळवतो की या खेळाडूला डावीकडे जायचे आहे. गोळी झाडली की कळवतो, याने अमुक दिशेला गोळी झाडली. पन्नासही जणांचे असे निरोप सर्व्हर गोळा करतो. कोण कुठे उभा आहे, कोणाची गोळी कोणाला लागली, कोणाची किती शक्ती उरली, हे तो ठरवतो आणि निकाल सगळ्या फोनना पाठवतो. सेकंदाला अनेक वेळा हे घडत राहते. गोळी आपल्याला लागली की नाही, हे आपला फोन ठरवत नसतो.

सर्व्हरने निकाल देण्याचे कारण साधे आहे. तो फोनवर सोपवला, तर फोनमध्ये फेरफार करणारा कोणीही स्वतःला अमर करून घेईल. पण याच रचनेमुळे खेळाडूचे सगळे काही सर्व्हरवर राहते: त्याचा आयडी, वर्षभर खेळून मिळवलेली रँक, विकत घेतलेले डायमंड, कपडे, स्किन. फोनमध्ये असते ती फक्त ते पाहण्याची सोय. सर्व्हरकडे जाणारा रस्ता बंद झाला, की फोनमधले चिन्ह तसेच राहते आणि खेळ संपतो.

बंदी नेमकी कुठे बसते

आपल्याकडे ॲप बंद करण्याचा आदेश निघतो तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली. देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि या बाबतींतल्या दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी रोखणे, एवढीच कारणे त्या कलमात आहेत. ही यादी लक्षात ठेवण्याजोगी आहे. क्राफ्टन या पबजीच्या कंपनीने जानेवारी २०२२मध्ये फ्री फायरविरुद्ध अमेरिकेत नक्कल केल्याचा दावा लावला होता आणि महिन्याभरात भारतात बंदी आली. “क्राफ्टननेच बंद पाडलं” असे पोरे अजूनही ठामपणे सांगतात. पण कॉपीराइटचा भंग हे कलम ६९अ मधले कारणच नाही. दोन घटना पाठोपाठ घडल्या, एवढ्यावरून एकीने दुसरी घडवली असे ठरत नाही.

आदेश निघाला की तो तीन ठिकाणी अमलात येतो. पहिले ठिकाण ॲप स्टोअर. गूगल आणि ॲपल भारतातल्या यादीतून ते ॲप काढतात, त्यामुळे नव्याने उतरवता येत नाही. दुसरे ठिकाण इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या. ठरावीक सर्व्हरकडे जाणारी वाहतूक त्या अडवतात. तिसरे ठिकाण खुद्द गेमची कंपनी. कोणता फोन कोणत्या देशातून जोडला जातो आहे हे तिच्या सर्व्हरला कळते आणि भारतातून आलेल्यांना ती दार बंद करू शकते.

तिन्ही एकाच दिवशी होतील असे नसते. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली आणि दोन-तीन दिवसांत तो स्टोअरवरून गेला. पण ज्यांच्या फोनमध्ये आधीपासून होता, ते ३० ऑक्टोबरपर्यंत खेळत राहिले, कारण भारतीय खेळाडूंचा सर्व्हरवरचा प्रवेश कंपनीने त्या दिवशी थांबवला. या दोन महिन्यांत “बंदी नावापुरतीच आहे” असे सगळीकडे बोलले जात होते. फ्री फायरचे उलटे झाले. आदेशाची बातमी १४ फेब्रुवारीला आली, पण गेम स्टोअरवरून दोन दिवस आधीच नाहीसा झाला होता आणि काय झाले हे कोणालाच कळत नव्हते.

आता मॅक्सचे कोडे. फोनला ॲप ओळखू येते ते त्याच्या पडद्यावरच्या नावाने नव्हे, तर एका अंतर्गत नावाने. त्याला पॅकेजचे नाव म्हणतात. एकाच कंपनीची, एकाच रंगाची, जवळपास एकाच नावाची दोन ॲप असली, तरी त्यांची पॅकेज नावे वेगळी असतात, स्टोअरवरची पाने वेगळी असतात. फ्री फायर २०१७च्या अखेरीस आला. मॅक्स ही जास्त रेखीव चित्रांची, जास्त ताकदीचा फोन मागणारी आवृत्ती सप्टेंबर २०२१मध्ये आली. दोन्हींचे खेळाडू एकमेकांबरोबर खेळू शकत होते, आयडीही एकच चालत होता, पण कागदोपत्री ती दोन ॲप होती. २०२२च्या ५४ ॲपच्या यादीत फ्री फायर होता, मॅक्स नव्हता. म्हणून प्ले स्टोअरवर मॅक्स राहिला. ज्याच्याकडे बरा फोन होता तो तिकडे गेला आणि ज्याचा फोन जुना होता तो वाट पाहत राहिला. मला या सगळ्या प्रकरणात खुपते ते हेच. बंदीचा खरा फटका बसला तो दोन-तीन वर्षे जुना, घरातल्या तिघांत मिळून एक असा फोन वापरणाऱ्या पोरांना.

खात्रीची बातमी का मिळत नाही

कलम ६९अ कसे वापरायचे याचे नियम २००९ साली झाले. साधारण वाट अशी: एखाद्या मंत्रालयाकडून किंवा राज्याकडून विनंती येते. केंद्राने नेमलेला अधिकारी ती एका समितीपुढे ठेवतो. या समितीत विधी व न्याय, गृह आणि माहिती व प्रसारण या मंत्रालयांचे सहसचिव किंवा त्यावरच्या दर्जाचे प्रतिनिधी असतात, शिवाय सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘सर्ट-इन’ या संस्थेचा प्रतिनिधी असतो. कंपनीला नोटीस देऊन बाजू मांडायला किमान ४८ तास द्यायचे असतात. तातडीचे असेल तर आधी बंद करून, ४८ तासांच्या आत प्रकरण समितीपुढे आणायचे अशीही तरतूद आहे. दिलेले आदेश योग्य आहेत का हे पाहायला वेगळी पुनर्विलोकन समिती असते आणि तिने दोन महिन्यांतून एकदा तरी बसावे असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५च्या श्रेया सिंघल निकालात याच कायद्याचे कलम ६६अ रद्द केले, पण ६९अ कायम ठेवले. पुरेशी काळजी घेणारी कार्यपद्धती त्यात आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

या नियमांतला सोळावा नियम वाट पाहणाऱ्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा. आलेल्या विनंत्या, तक्रारी आणि त्यावर केलेली कारवाई यांबाबत काटेकोर गुप्तता पाळावी, असे तो सांगतो. म्हणजे कोणत्या कंपनीने काय बदल करायचे कबूल केले, समितीची कशावर हरकत आहे, फाइल कुठवर आली, हे बाहेर सांगायचे नाही असाच नियम आहे. कंपनीही गप्प राहते, कारण चर्चा चालू असताना बोलून ती बिघडवणे तिला परवडत नाही. मग बातमी बाहेर येते ती एकदम शेवटी, मंजुरी मिळाल्यावर किंवा ॲप नाहीसे झाल्यावर. मधल्या महिन्यांत जे ऐकू येते ते बहुतेक तर्क असतात. यूट्यूबवर रोज “उद्या येतोय” म्हणणाऱ्याकडे दिल्लीतल्या त्या खोलीतली माहिती नसते.

गुप्ततेला सुरक्षेची कारणे असतात, हे मान्य. तरी लाखो अल्पवयीन मुले ज्याची वाट पाहतात, अशा गोष्टीत निदान ‘विचाराधीन आहे’ किंवा ‘नाकारले’ एवढे सांगायला हरकत नसावी, असे मला वाटते. ही पोकळी कोण भरून काढते, ते पुढे येईलच.

पबजीने वाट काढली ती अशी

आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव एकाचे असते आणि शेत बटाईने दुसराच करत असतो. पबजी मोबाइलचे तसे होते. मूळ गेम दक्षिण कोरियाच्या कंपनीचा, जी पुढे क्राफ्टन झाली. फोनवरचा गेम भारतात चालवत होती टेन्सेंट ही चिनी कंपनी. जून २०२०मध्ये गलवानमध्ये चकमक झाली, त्यानंतर चिनी संबंध असलेल्या ॲपवर एकामागून एक आदेश निघाले आणि ११८ ॲपच्या यादीत पबजी मोबाइल सापडला. क्राफ्टनच्या गटाने सर्वांत आधी काय केले, तर भारतापुरती टेन्सेंटची बटाई मोडली. गेम आपला, यापुढे भारतात आपणच चालवू, असे सांगितले. नोव्हेंबर २०२०मध्ये भारतात दहा कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा झाली आणि भारतीय उपकंपनी उभी राहिली.

पण मालकी दाखवून भागले नाही. नवे नाव घेतले: बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बीजीएमआय. पॅकेजचे नाव नवे, स्टोअरवरचे पान नवे. खेळाडूंची माहिती भारतातल्या आणि सिंगापूरच्या सर्व्हरवर ठेवू असे धोरणात लिहिले. रक्ताचा लाल रंग बदलला. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची आणि सात हजार रुपयांच्या खर्चाची मर्यादा घातली, पालकांच्या मोबाइलवर ओटीपी जाऊ लागला. २ जुलै २०२१ रोजी गेम अँड्रॉइडवर अधिकृतपणे आला.

एक गोष्ट यात जवळून पाहण्यासारखी आहे. जून २०२१मध्ये, चाचणीची आवृत्ती काही जणांच्या हाती असताना, ॲपमधून बाहेर जाणारी माहिती तपासली गेली. तेव्हा आयजीएन इंडियाने दाखवले की काही माहिती चीनमधल्या सर्व्हरकडेही जाते आहे. कंपनीने अपडेट काढून ते दुरुस्त केले. असे कसे होते? कोणताही मोठा गेम एका कंपनीने पहिल्या ओळीपासून लिहिलेला नसतो. आवाजाच्या गप्पा, जाहिराती, बिघाडाची नोंद, लॉग-इन या कामांसाठी इतर कंपन्यांचे तयार तुकडे त्यात बसवलेले असतात. प्रत्येक तुकडा आपापल्या मालकाच्या सर्व्हरशी बोलतो. गेमचे नाव बदलायला एक दिवस पुरतो, पण हे सगळे तुकडे शोधून, बदलून, पुन्हा तपासायला महिने जातात. परत आणण्याला लागणाऱ्या वेळातला मोठा भाग इथे खर्च होतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

एवढे करूनही २८ जुलै २०२२ रोजी बीजीएमआय स्टोअरवरून गेला, पुन्हा कलम ६९अ खालीच. दहा महिन्यांनी, १९ मे २०२३ला, परत यायची मंजुरी मिळाली, तीही तीन महिन्यांच्या चाचणीपुरती. तेव्हाचे राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी सांगितले की सर्व्हर कुठे आहेत आणि माहिती किती सुरक्षित आहे या मुद्द्यांची पूर्तता झाल्यावर ही मंजुरी दिली असून, व्यसन आणि खेळाडूंना होणारा त्रास यांवर पुढे लक्ष राहील. या वेळी मोठ्यांनाही दिवसाला सहा तासांची मर्यादा आली.

---

चौकट: बंदी आणि परतीच्या तारखा

२ सप्टेंबर २०२०: पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी
३० ऑक्टोबर २०२०: भारतीय खेळाडूंचा पबजी सर्व्हरवरचा प्रवेश बंद
२ जुलै २०२१: बीजीएमआय अँड्रॉइडवर, १८ ऑगस्टला आयफोनवर
१४ फेब्रुवारी २०२२: फ्री फायरसह ५४ ॲपवर बंदी
२८ जुलै २०२२: बीजीएमआय स्टोअरवरून हटवला
१९ मे २०२३: बीजीएमआयला चाचणी मंजुरी, महिनाअखेर खेळ सुरू
३१ ऑगस्ट २०२३: फ्री फायर इंडियाची घोषणा
४ सप्टेंबर २०२३: प्रकाशन पुढे ढकलले

---

फ्री फायरचे अवघड दुखणे

फ्री फायर सिंगापूरच्या गरेनाचा, आणि गरेना ही सी लिमिटेड या सिंगापूरच्याच कंपनीची. चालवणारा आणि मालक एकच. मोडायला बटाईच नाही. टेन्सेंट इथेही आहे, पण सी लिमिटेडमधली मोठी भागधारक म्हणून. बंदीच्या सुमारास तिचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास होता. भागभांडवल शेअर बाजारात असते. भारतातला गेम सोडवायचा म्हणून ते एका करारपत्राने बाजूला करता येत नाही. पबजीला जी सोपी पहिली पायरी मिळाली, ती फ्री फायरच्या वाट्याला आली नाही, असे मला या तपशिलावरून वाटते. सरकारने या गेमपुरती कारणे वेगळी जाहीर केलेली नाहीत, त्यामुळे यापलीकडे जाऊन बोलणे योग्य नाही.

मग गरेनाने हाती असलेल्या बाजू धरल्या. फ्री फायर इंडिया हे वेगळे ॲप, पालकांच्या संमतीची सोय, खेळण्याच्या वेळेवर मर्यादा, ‘जरा थांबा’ म्हणून आठवण, आणि माहिती भारतात ठेवण्यासाठी हिरानंदानी समूहातल्या योट्टा कंपनीशी करार. ४ सप्टेंबर २०२३ला तारीख पुढे ढकलताना कंपनीने कारण दिले ते भारतासाठीचे बदल पूर्ण करण्याचे.

याच काळात भोवतीचा कायदाही बदलत गेला. ऑगस्ट २०२३मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेणे बंधनकारक केले आहे. ज्या गेमचे निम्मे खेळाडू शाळेत असतील, त्याला हे सोपे नाही. ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन गेमिंगचा वेगळा कायदा आला. त्याबद्दल पालकांत घोटाळा आहे. त्या कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक व्हिडिओ गेमना, त्याने उलट मान्यता दिली. फ्री फायरमध्ये पैसे देऊन डायमंड घेता येतात, पण डावावर पैसा लागत नाही. तेव्हा “आता तर कायमचा गेला” हा त्या कायद्याचा अर्थ नाही.

पनवेल की सिंगापूर

सर्व्हर देशात असावा हा आग्रह माहितीच्या सुरक्षेसाठी असतो, पण त्याचा खेळाडूला थेट फायदाही होतो. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, पोरे त्याला पिंग म्हणतात. तो हिरवा असला तर सगळे ठीक, लाल झाला की शिव्या सुरू होतात. फोनचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागले, ते हा आकडा सांगतो. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

हिशेब करून पाहू. निरोप काचेच्या तारेतून प्रकाशाच्या रूपाने जातो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. बुलढाण्याहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,७०० किलोमीटर. जाऊन-येऊन ७,४०० किलोमीटर, म्हणजे ३७ मिलिसेकंद. योट्टाची मोठी डेटा सेंटर पनवेलला आणि ग्रेटर नोएडात आहेत. बुलढाण्याहून पनवेल सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरच्या आत, म्हणजे जाऊन-येऊन चार मिलिसेकंदांच्या आसपास. प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच मोठे दिसतात, कारण तार सरळ जात नाही, वाटेत अनेक ठिकाणी निरोप थांबतो, आणि गावातल्या टॉवरवर गर्दी असली तर तिथेच सगळ्यांत जास्त वेळ जातो. तरीही समुद्राखालून जाण्या-येण्याचे ते तेहेतीस मिलिसेकंद वाचवायला दुसरा उपाय नाही. प्रकाशापेक्षा वेगाने निरोप पाठवता येत नाही, सर्व्हर जवळ आणता येतो.

दोघांनी एकाच क्षणी एकमेकांवर गोळी झाडली, तर ज्याचा निरोप सर्व्हरला आधी मिळाला त्याच्या बाजूने निकाल जाण्याची शक्यता जास्त. म्हणून मेहकरच्या पोराला “मी आधी मारलं होतं” असे वाटते आणि सर्व्हर म्हणतो, नाही. त्या पोराचे म्हणणे त्याच्या पडद्यापुरते खरेच असते.

वाट पाहणाऱ्याला लुटणारे

बातमीची पोकळी भरली ती ठगांनी. “फ्री फायर इंडिया आला, इथून उतरवा” अशा दुव्यांमागे एपीके नावाची फाइल असते. एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपचे गाठोडे. ते स्टोअरबाहेरूनही फोनमध्ये बसवता येते. ते खोटे आहे हे कसे ओळखायचे?

अँड्रॉइडने यासाठी चांगली सोय केली आहे. प्रत्येक ॲपवर ते बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही असते. ही सही करण्याची गुप्त किल्ली कंपनीकडेच असते, बाहेरच्याला ती हुबेहूब करता येत नाही. फोनमध्ये एखादे ॲप आधीच असेल आणि त्याच पॅकेज नावाचे, पण वेगळ्या सहीचे गाठोडे त्यावर बसवायला गेलात, तर फोन नकार देतो. तेव्हा “आधी जुना मॅक्स काढून टाका, मग हे बसवा” अशी सूचना कोणी देत असेल, तर तिथेच थांबावे. जुने ॲप काढायला सांगण्यामागे बहुतेक वेळा हीच अडचण असते: सही जुळत नाही.

फाइलचा आकारही बोलतो. इतके नकाशे आणि चित्रे असलेला गेम पाच-दहा एमबीत मावत नाही. बसवल्यावर तो एसएमएस वाचायची परवानगी मागत असेल किंवा सेटिंगमध्ये जाऊन ‘ॲक्सेसिबिलिटी’ चालू करायला सांगत असेल, तर त्याला खेळायचे नसते. एसएमएस वाचता आला की बँकेचा ओटीपी वाचता येतो. ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही सोय अंधांसाठी आणि अपंगांसाठी आहे. ती मिळाली की ते ॲप पडद्यावरचे सगळे पाहू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते. खेड्यात यात जास्त धोका असतो, कारण पोराच्या हातातला फोन बापाचा असतो आणि त्याच फोनवर पीक विम्याचे आणि कापसाचे पैसे येतात.

‘फुकट डायमंड’ देणाऱ्या पानांचा धंदा वेगळा. ती आयडी आणि फेसबुक किंवा गूगलचा पासवर्ड विचारतात. डायमंडचा हिशेब सर्व्हरवर असतो हे वर आलेच. बाहेरच्या कोणत्याही पानाला तो आकडा वाढवता येत नाही. त्यांना हवा असतो फक्त पासवर्ड.

पैसे गेलेच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर जितक्या लवकर फोन कराल तितके बरे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जाण्याआधी गोठवले, तर ते परत मिळण्याची शक्यता राहते. पोराने मार खाण्याच्या भीतीने दोन दिवस घरी सांगितले नाही, तर ती संधी जाते. म्हणून घरच्यांनी आधीच सांगून ठेवावे, की असे काही झाले तर रागावणार नाही, आधी सांग.

जुन्या आयडीचे काय होणार

वाट पाहणाऱ्यांना खरी काळजी असते ती हीच. तीन-चार वर्षे खेळून कमावलेला आयडी नव्या ॲपमध्ये येईल का?

तांत्रिकदृष्ट्या ते शक्य असते. पबजीहून बीजीएमआयकडे जाताना जुना आयडी टेन्सेंटच्या सिंगापुरी कंपनीच्या सर्व्हरवर होता आणि नवा क्राफ्टनच्या. नवे ॲप उघडल्यावर खेळाडूला विचारले जाई, की तुमची जुनी माहिती या कंपनीकडून त्या कंपनीकडे द्यायची का. संमती दिली, ज्या फेसबुक किंवा ट्विटर खात्याने जुना आयडी जोडला होता त्याच खात्याने लॉग-इन केले, की रँक आणि सामान नव्या खात्यात येई. ज्यांनी जुना आयडी कशालाच न जोडता ‘गेस्ट’ म्हणून खेळला होता, त्यांच्याकडे तो आपलाच आहे हे सिद्ध करायला काही नव्हते. आणि ही सोय कायमची नव्हती, २०२१च्या अखेरीस ती बंद झाली.

मॅक्सचा आयडी मूळ गेमशी सामाईक असल्याने फ्री फायरला हे सोपे जावे, पण ते कंपनीच्या निर्णयावर आणि त्या वेळच्या नियमांवर राहील. खेळाडूच्या हातात आज एवढे आहे: आयडी गेस्ट असेल तर तो स्वतःच्या, पासवर्ड लक्षात असलेल्या गूगल किंवा फेसबुक खात्याला जोडून ठेवणे, आणि ते खाते बापाच्या जुन्या सिमवर उघडले असेल तर ते सिम रिचार्जअभावी बंद पडू न देणे.